‘डायव्हर्सिटी’चे मूळ ‘वृत्ता’च्या शेजारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील भाषाविषयक लेखात ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द ‘डिव्हाइड’वरून आला, म्हणजे त्याच्या पोटातच फूट आहे, असे विधान होते. त्यावरून आपली विविधता जोडणारी आणि इंग्रजी डायव्हर्सिटी तोडणारी, असा निष्कर्षही काढला होता. निष्कर्ष टाळ्या घेणारा आहे, पण ज्या व्युत्पत्तीवर तो उभा आहे तीच चुकीची आहे. शब्दाचे भाग सुटे करून पाहिले की चूक नेमकी कुठे झाली तेही दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्द उकलताना तो आज जसा दिसतो तिथून सुरुवात करू नये. जाता येईल तितक्या जुन्या रूपापर्यंत मागे जावे. इंग्रजीने हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून उचलला. फ्रेंचमध्ये तो ‘दिव्हेर्सिते’ होता. फ्रेंचला तो लॅटिनकडून मिळाला. तिथे प्रथमेत ‘दीवेर्सितास’ आणि द्वितीयेत ‘दीवेर्सितातेम्’. हे द्वितीयेचे रूपच पुढे चालले. त्याचे शेवटचे ‘-तातेम्’ झिजत झिजत फ्रेंचमध्ये ‘-ते’ आणि इंग्रजीत ‘-टी’ एवढेच उरले.

आता हा लॅटिन शब्द शेवटाकडून सोलू. ‘-तास’ हा भाववाचक नाम करणारा प्रत्यय. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, म्हणून हा आपल्याला परका नाही. वेदांत ‘देवताति’, ‘सर्वताति’ अशी रूपे येतात, त्यांतला ‘-ताति’ आणि लॅटिनचा ‘-तास’ एकाच घरचे. आपला नेहमीचा ‘-ता’ही त्याच घरातला. प्रत्ययाच्या आधीचा ‘इ’ म्हणजे ‘दीवेर्सुस’ या विशेषणाचा अंत्य स्वर, प्रत्यय लागताना बारीक झालेला. उरले ‘दीवेर्स’. त्यातला ‘दी’ हा उपसर्ग. त्याचे मूळ रूप ‘दिस्’, अर्थ ‘एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या बाजूंना’.

‘दिस्’चा ‘दी’ का झाला? लॅटिनची संधी. पुढे प, त, क असला की ‘दिस्’ तसाच राहतो: डिस्प्यूट, डिस्टॉर्ट, डिस्कस. पुढे फ आला की स् त्याच्यासारखाच होतो: डिफर, डिफ्यूज. आणि पुढे व आला की स् गळतो व आधीचा स्वर दीर्घ होऊन ती जागा भरून काढतो. शाळेत निः अधिक रस बरोबर नीरस हा संधी शिकलेल्याला हे वेगळे समजावायला नको: एक व्यंजन गळाले, स्वर लांबला. मूळ लेखात सुरुवातीचे ‘डिव्ह’ हे एकच अक्षरबंध धरले आहे, आणि तिथेच घोळ झाला आहे. ‘डिव्ह’ असा मुळात तुकडाच नाही. ‘डि’ उपसर्गाचा आणि ‘व्ह’ पुढच्या धातूचा. दोन्ही शब्दांत कात्री त्या दोहोंच्या मधोमध चालते.

तो पुढचा धातू म्हणजे ‘वेर्तेरे’: वळणे, वळवणे, फिरवणे. त्याचे कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधित ‘वेर्सुस’, जुन्या लॅटिनमध्ये ‘वोर्सुस’. धातूच्या शेवटी त्, प्रत्ययाच्या सुरुवातीला त्. असे दोन त् भेटले की लॅटिनमध्ये त्यांचा स् होतो, म्हणून ‘वेर्त्-तुस’ न राहता ‘वेर्सुस’. संस्कृतने हे दोन त् जसेच्या तसे ठेवले: वृत् अधिक त बरोबर वृत्त. धातू तोच, प्रत्यय तोच, घडणही तीच. तेव्हा ‘डायव्हर्स’मधला ‘व्हर्स’ आणि ‘वृत्तपत्रा’तला ‘वृत्त’ हे सख्खे भाऊ आहेत, आणि वृत्तपत्रानेच आपला भाऊ ओळखू नये याची थोडी गंमत वाटली.

आपल्याकडे या धातूचा पसारा मोठा आहे. वर्तन, वर्तुळ, परिवर्तन, निवृत्ती, प्रवृत्ती, वृत्तान्त, आपण रोज काढता ती आवृत्ती, हे सरळ संस्कृतातून आलेले. झिजून आलेली वाट ही ‘वर्त्मन्’ची, म्हणजे चाकांच्या फिरण्याने पडलेल्या मागाची, दिव्याची वात ‘वर्ति’ची, कारण ती वळलेली असते. ‘वळणे’ हे क्रियापद मात्र या घरचे नाही, ते ‘वल्’ धातूचे. अर्थ जुळला म्हणून नाते जुळत नाही, याचे हे घरातलेच उदाहरण. इंग्रजीत लॅटिनमार्गे आलेले व्हर्शन, रिव्हर्स, कॉन्ट्रोव्हर्सी, ॲनिव्हर्सरी, व्हर्टिगो हे सगळे याच कुटुंबातले. ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’ यांच्या शेवटचा ‘वर्ड’ही त्याच मुळाचा, फक्त तो जर्मानिक शाखेतून आलेला. ‘ॲडव्हर्टाइजमेंट’चा मूळ अर्थ लक्ष आपल्याकडे वळवणे, म्हणजे वृत्त आणि जाहिरात व्युत्पत्तीने तरी एकाच पानावर.

उपसर्ग बदलला की शब्दाचे तोंड कसे फिरते ते पाहण्यासारखे आहे. ‘ॲडव्हर्सिटी’त ‘अद्’ म्हणजे कडे, रोखाने: तोंड आपल्यावर रोखून उभी राहिलेली परिस्थिती. ‘युनिव्हर्सिटी’त ‘ऊनुस’ म्हणजे एक: सगळे वळून एक झालेले, एकसंध, रोमन कायद्यात ‘ऊनिवेर्सितास’ म्हणजे एक व्यक्ती मानला जाणारा समुदाय, आणि मध्ययुगात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संघाला तेच नाव मिळाले. घडणीपुरते पाहिले तर युनिव्हर्सिटी आणि डायव्हर्सिटी हे विरुद्धार्थी शब्द ठरतात. रस्त्यावरचे ‘डायव्हर्जन’ हे डायव्हर्सिटीचे सख्खे भावंड: रस्ता बाजूला वळवला आहे. वैद्यकातले ‘डायव्हर्टिक्युलम’, म्हणजे आतड्याच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने फुगून आलेली पिशवी, लॅटिनमध्ये आडवाट होती. आणि लेखकांना फूटच दाखवायची होती तर ‘डिव्होर्स’ हाताशी होता. तो याच ‘दीवेर्तेरे’च्या जुन्या ‘दीवोर्तेरे’ या रूपावरून आला आहे. दोघांनी दोन दिशांना तोंडे फिरवली, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

मग ‘डिव्हाइड’ कोणाचा? तिथेही उपसर्ग तोच ‘दिस्’, पण धातू वेगळा. लॅटिन ‘दीविदेरे’मधला ‘विद्’ म्हणजे वेगळे करणे. या मुळाची आपल्याकडची खूण म्हणजे ‘विधवा’. लॅटिनची ‘विदुआ’ आणि इंग्रजीतली ‘विडो’ तिच्याच बहिणी. म्हणजे डिव्हाइडचे नाते विधवेशी आणि डायव्हर्सिटीचे वृत्ताशी.

देवनागरीत लिहिताना आणखी एक खड्डा आहे. ‘डायव्हर्जन’ आणि ‘डायव्हर्जन्स’ हे शब्द आपण असे लिहितो की दुसरा पहिल्याचेच रूप वाटावे. तसे नाही. डायव्हर्जन ‘वेर्तेरे’चा, तर भूमितीत किरण फाकतात तो डायव्हर्जन्स ‘वेर्गेरे’चा, म्हणजे झुकणे, कलणे या दुसऱ्याच क्रियापदाचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकात एस आणि दुसऱ्यात जी आहे, म्हणून तिथे फरक दिसतो; आपल्या ‘ज’ने तो झाकून टाकला. पाण्यात बुडी मारणारा ‘डायव्हर’ तर लॅटिनचाही नाही, तो जुन्या इंग्रजीचा. इंग्रजीतला ‘डायव्हर्स’ मात्र एकाचे दोन झाला आहे: शेवटी ई नसलेला, म्हणजे ‘अनेक, कित्येक’, जो आता जुनाट वाटतो, आणि शेवटी ई असलेला, म्हणजे ‘परस्परांहून निराळे’. संख्या दाखवणारा एक, फरक दाखवणारा दुसरा. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये लोक ‘डायव्हर्स’ रोगांनी पीडित आहेत ते या पहिल्या अर्थाने.

बायबलचा विषय निघालाच आहे तर लेखकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, चौथ्या वचनात, कृपादाने निरनिराळी पण आत्मा एकच असे म्हटले आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘डायव्हर्सिटीज’ आहे, पण व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलमध्ये त्याच जागी ‘दीविसिओनेस’, म्हणजे वाटण्या. मूळ ग्रीक शब्दात वाटून देण्याचाच अर्थ होता. तेव्हा अर्थाच्या पातळीवर हे दोन शब्द एकमेकांच्या अंगणात गेलेले आहेत, हे खरे. पण शेजाऱ्याकडे जाणे-येणे असले म्हणून कोणी त्या घरात जन्मला असे होत नाही.

मूळ अर्थ इतका निरुपद्रवी होता का? तसेही नाही, आणि इथे मला मूळ लेखातली शंका पूर्ण सोडून द्यावीशी वाटत नाही. रोमन माणसाला ‘दीवेर्सुस’ म्हटल्यावर रंगीबेरंगी बाग दिसत नसे. इ.स.पूर्व ५७ मध्ये साबिस नदीकाठी नेर्वी टोळीच्या लोकांनी रोमनांवर अचानक हल्ला केला, तेव्हाच्या आपल्या सैन्याचे वर्णन करताना सीझर ‘दीवेर्साए लेगिओनेस’ असे शब्द वापरतो: पलटणी पांगलेल्या, कोणी एका बाजूला लढते आहे, कोणी दुसऱ्या. हा त्या शब्दाचा अस्सल वापर, तोंडे वेगवेगळ्या दिशांना. तिथून ‘विरुद्ध’ हा अर्थ एका पावलावर. ‘ए दीवेर्सो’ म्हणजे ‘उलटपक्षी’. ‘दीवेर्सितास’ या नामातही विरोध, विसंगती हा अर्थ ठळक आणि निव्वळ वेगळेपणा हा दुय्यम. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला विक्षिप्तपणा आणि दुष्टपणा असेही अर्थ चिकटले. इंग्रजीतही पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून भांडण, वाकडेपणा या अर्थाने तो दिसतो. सतराव्या शतकात हा वापर मागे पडला. आपल्या ‘विचित्र’चे काय झाले ते आठवा. संस्कृतात विचित्र म्हणजे नाना रंगांचा, चित्रविचित्र, देखणा. मराठीत तो माणूस विचित्र आहे म्हटले की कोणी त्याच्या जवळ बसत नाही. निराळेपणाचे शब्द तऱ्हेवाईकपणाकडे घसरतात. लॅटिन आणि संस्कृत, दोन्हींचा हा अनुभव.

रंगीबेरंगी बाग दाखवायला लॅटिनकडे दुसरा शब्द होता: ‘वारिएतास’, इंग्रजीतला ‘व्हरायटी’. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पूर्व ४५ मध्ये सुखाच्या स्वरूपाची चर्चा करताना या शब्दाचा अर्थच सांगून ठेवला आहे: वारिएतास हा खरा तर निरनिराळ्या रंगांबद्दल वापरायचा शब्द, तिथून तो इतर असमान गोष्टींना लागू झाला. त्याचे विशेषण ‘वारिउस’ म्हणजे ठिपकेदार, चितकबरे. रोमन निसर्गलेखक प्लिनीच्या काळी बिबट्याच्या जातीतल्या मादीला नुसते ‘वारिया’ म्हणत. आपल्याकडे चित्र म्हणजे ठिपकेदार, आणि त्यावरूनच चित्ता. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तसल्याच ठिपकेदार जनावरांकडे पाहून तोच विचार केला. व्हरायटी अंगावरच्या रंगातून आली, डायव्हर्सिटी तोंडाच्या दिशेतून.

हा फरक लॅटिन जाणणाऱ्यांना अजून टोचतो असे दिसते. युरोपीय संघाने २००० साली स्वीकारलेल्या ब्रीदात इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये डायव्हर्सिटीच आहे, पण त्याचे लॅटिन रूप ‘इन वारिएताते कॉन्कॉर्दिया’ (वैविध्यात सुसंवाद) असे करतात. ‘दीवेर्सितास’ घातला असता तर जुन्या रोमन कानाला ‘विसंगतीत सुसंगती’ असे ऐकू गेले असते. इंडोनेशियाच्या ब्रीदात तर चक्क आपला ‘भिन्न’ आहे: ‘भिन्नेक तुंगल इक’, भिन्न असूनही एकच. ‘भिन्न’चा धातू भिद्, म्हणजे फोडणे! ज्या शब्दाच्या मुळात खरोखर फूट आहे तोच तिथे ऐक्यासाठी राबतो आहे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ, किंवा एखाद्या समाजाचा स्वभाव, काढू नये याला याहून चांगला दाखला मला सापडला नाही.

आजचा अर्थ बराचसा विसाव्या शतकात घडला. ‘बायोडायव्हर्सिटी’ हा जोडशब्द १९८५ साली वॉल्टर रोझेन यांनी, पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये व्हायच्या परिषदेच्या तयारीत बनवला. १९९२च्या रिओ इथल्या जैवविविधता करारानंतर तो सर्वतोमुखी झाला. अमेरिकेत विद्यापीठ-प्रवेशावरून झालेल्या १९७८च्या ‘बाकी’ (Bakke, हे वादीचे आडनाव) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी विद्यार्थिवर्गातील डायव्हर्सिटी हे विद्यापीठाचे रास्त उद्दिष्ट मानले, आणि शब्दाला सामाजिक धोरणातला आजचा वापर मिळायला तिथून बळ आले.

शास्त्रज्ञांनी तर या शब्दाला आकड्यात पकडले, आणि तिथे व्हरायटीपासूनचा त्याचा फरक अगदी स्वच्छ दिसतो. दोन राया घ्या. प्रत्येकीत १०० झाडे, प्रत्येकीत ५ जाती. पहिलीत एका जातीची ९६ झाडे आणि बाकी चार जातींचे एकेक झाड. दुसरीत पाचही जातींची २०-२० झाडे. जाती मोजल्या तर दोन्ही सारख्याच. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये दिलेली रीत अशी: डोळे मिटून एक झाड निवडा, पुन्हा एकदा निवडा, दोन्ही वेळा एकच जात येण्याची शक्यता किती? प्रत्येक जातीच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करायची. पहिल्या राईत ०.९६ चा वर्ग ०.९२१६, त्यात ०.०१ च्या वर्गाची चारपट म्हणजे ०.०००४ मिळवा: ०.९२२. दुसरीत ०.२ चा वर्ग ०.०४, त्याची पाचपट ०.२. म्हणजे वेगळी जात हाती येण्याची शक्यता पहिल्या राईत जेमतेम ८ टक्के, दुसरीत ८० टक्के. व्हरायटी जाती मोजून थांबते. डायव्हर्सिटी कोणाचा वाटा किती तेही विचारते. यादीत पाच नावे दाखवून डायव्हर्सिटी साधली म्हणणारे अहवाल पहिल्या राईतले असतात.

म्हणून मराठीत या एका शब्दासाठी सगळीकडे ‘विविधता’ ठोकून चालत नाही. विविध म्हणजे नाना विधांचे, प्रकारांचे. ‘विधा’ म्हणजे प्रकार, त्यात वळण्याचा संबंध नाही. जिथे प्रकार मोजायचे आहेत तिथे तो चपखल आहे, ‘जैवविविधता’ तर आता पक्का रुळला. पण ‘डायव्हर्सिटी ऑफ ओपिनियन’चे ‘मतांची विविधता’ करणे दुबळे वाटते. तिथे तयार मराठी शब्द मतभिन्नता आहे, आणि त्यात रोमन ‘दीवेर्सितास’चा थोडा जुना तिखटपणाही उतरतो. अमेरिकी कायद्यात ‘डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन’ असते. दोन पक्ष निरनिराळ्या राज्यांचे नागरिक असले आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असली की खटला संघराज्याच्या न्यायालयात चालवता येतो. त्याचे ‘विविधता अधिकारक्षेत्र’ असे भाषांतर केले तर वाचकाला काडीचाही बोध होणार नाही; ‘भिन्न राज्यांच्या नागरिकांमधील दाव्यांचे अधिकारक्षेत्र’ असे लांब लिहिलेलेच बरे. गुंतवणूक ‘डायव्हर्सिफाय’ करा म्हणजे पैसे एकाच ठिकाणी न ठेवता विभागून ठेवा. ‘विविधीकरण’ हा शब्द फक्त अहवालात शोभतो.

शेवटी एक दुरुस्ती, जी व्युत्पत्तीपेक्षा तातडीची आहे. त्या लेखाच्या मथळ्यातच ‘वैविध्यता’ असे छापले आहे. विविध या विशेषणापासून भाववाचक नाम दोन रीतींनी होते: ‘-ता’ लावून विविधता, किंवा आदिस्वराची वृद्धी करून ‘-य’ लावून वैविध्य. दोन्ही एकदम लावता येत नाहीत. ऐक्यता, सौंदर्यता यांच्यासारखीच ही चूक. दुरुस्ती छापणार असाल तर ‘डिव्हाइड’ची चौकट आतल्या पानावर चालेल, हा मथळा मात्र संकेतस्थळावर अजून तसाच आहे, तो आधी बदलावा.

आपला,
एक भाषा-अभ्यासक वाचक